साध्या पाण्यातले

त्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याच्या घोट्याला बोट लावलं आणि तो हलला नाही.

एरवी हलायचा. उठल्याबरोबर, चष्मा शोधायच्याही आधी, तिचं बोट त्याच्या घोट्याच्या मागच्या मऊ जागेवर अलगद टेकायचं, पाय थोडा आखडायचा, नाहीतर अंगठा तरी वर व्हायचा, आणि ती चहाचं आधण ठेवायला जायची. आपण असं काही करतो हे तिला धड ठाऊकही नव्हतं. बाहेर पडताना माणूस कुलूप ओढून बघतो आणि जिना उतरेपर्यंत ओढल्याचं विसरून जातो, तितपतच ते होतं. पण त्या दिवशी पाय तसाच राहिला. तिने पुन्हा बोट लावलं, जरा दाबून. पडद्यातून करडा उजेड येत होता, खाली कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकलत होतं, आणि पांघरूण जाड असल्यामुळे त्याची छाती वरखाली होते की नाही ते काही केल्या दिसेना. तिसऱ्यांदा तिने बोट लावलं नाही, सगळा हातच पायावर ठेवला आणि तसाच ठेवून राहिली. थोड्या वेळाने तो डोळे न उघडता म्हणाला, “आहे अजून. लिहून टाक.” आणि त्याने भिंतीकडे कूस बदलली.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, तरी तिला बाहेरचं काही दिसलं नाही. ‘आहे अजून’ हे ठीक होतं. थट्टा हा त्याचा स्वभावच. आलेलं कुठलंही संकट तो आधी विनोदात गुंडाळायचा आणि मग एका बाजूला ठेवून द्यायचा. पण ‘लिहून टाक’? म्हणजे त्याला कळलं होतं. रोज बोट लागतं एवढंच कळलं असतं तरी चाललं असतं, पण ते बोट कुठून आलंय हेही त्याला कळलं होतं. कधीपासून? पहिल्या दिवसापासून? म्हणजे वर्षभर हा माणूस डोळे मिटून पडून राहायचा आणि आपली तपासणी होऊ द्यायचा, आणि आपल्याला वाटायचं की तो गाढ झोपलाय. तिचे कान तापले. शेजारच्या बाईने पिशवी तिच्या मांडीवर टेकवली होती, तीही तिने सरकवली नाही.

कारण ते बोट मुळात बोट नव्हतंच, ती काचेची कांडी होती. ती ज्या संस्थेत काम करायची तिथे भिंतीचे रंग, फरशी पुसायची द्रावणं, पिकांवर फवारायची औषधं बाजारात जाण्याआधी यायची. हे उद्या गटारातून नदीत गेलं तर नदीचं काय होईल, हा प्रश्न नदीला विचारता येत नाही, म्हणून तो बोटाच्या दोन पेरांएवढ्या पट्टेरी माशांना विचारायचा. टाक्यांची एक रांग असते. पहिल्या टाकीत साधं पाणी, क्लोरीन उडवलेलं, निव्वळ. पुढच्या प्रत्येकीत औषध थोडं थोडं वाढवत नेलेलं. मग बघत बसायचं. कुठल्या टाकीत निम्मे मासे मरतात त्यावरून औषध किती विषारी ते ठरतं. आणि मासा मेला असं म्हणायचं कधी? तो ओरडत नाही, कण्हत नाही, त्याला पापण्या नाहीत, त्यामुळे जिवंतपणी आणि मेल्यावरही डोळे सताड उघडे. म्हणून नियम करून ठेवला आहे. कल्ल्यांची उघडझाप थांबलेली हवी, आणि शेपटी जिथून फुटते त्या बारीक जागी काचेची कांडी लावली तर मासा हलता कामा नये. हलला तर आहे. नाही हलला तर लिहून टाकायचं आणि उचलायचं, नाहीतर पाणी नासतं. नोकरीच्या सुरुवातीला तिला हे शिकवलं मोठ्या बाईंनी. त्या तेव्हाच्या विभागप्रमुख, हाडकुळ्या, बारा महिने सर्दी झालेल्या. त्यांनी तिचं मनगट धरून कांडी पाण्यात नेली होती आणि म्हटलं होतं, “आपल्याला विचारायचंय, ढोसायचं नाही.” ते वाक्य तिच्या हातातच जाऊन बसलं. पुढे विभागात तिच्या हाताचं नाव झालं. हिची कांडी पाण्यात गेलेली पाण्यालासुद्धा कळत नाही, असं म्हणायचे. आणि आता तो नामांकित हात घरी येऊन काय करत होता, तर झोपलेल्या नवऱ्याला विचारत होता, की बाबा रे, आहेस का?

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. त्यांची ओळखसुद्धा लिफ्टच्या बंद दारातूनच झालेली. संस्थेच्या जुन्या इमारतीत ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, हातात झाकणाची बादली, बादलीत नवे आणलेले मासे. वरून कुणीतरी विचारलं, आत कोण आहे? ती म्हणाली, मी आणि मासे. किती जण? ती म्हणाली, मोजायचेत अजून. त्यावर तिकडून इतकं मोठं हसू कोसळलं की तिची भीती त्याच्याखाली कुठे गेली कळलं नाही. मग दार उघडेपर्यंत तो सारखा बोलत होता, हात कामात आणि तोंड तिच्यासाठी. बाहेर आल्यावर दिसला तो कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला माणूस, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो माशांना गुदमरलं तर नाही ना, असा. लग्न ठरलं तेव्हा तिची आई म्हणाली होती, एवढी शिकलीस ती ह्याच्यासाठी का? पुढे त्याच आईचं जावयाशिवाय पान हलेना, ती गोष्ट वेगळी. तो माणूस होताच तसा. अडकलेल्यांशी बोलत राहायचं, हे त्याच्या धंद्याचं पहिलं सूत्र होतं, आणि घरातही तो तेच करायचा. ती एखाद्या चाचणीत अडकून गप्प गप्प झाली की तो स्वयंपाकघरातून काहीबाही बोलत राहायचा, उत्तराची अपेक्षा न ठेवता, आणि कधीतरी तिचं दार उघडायचं.

गेल्या वर्षी एका उंच इमारतीत, लिफ्टच्या टपावर बसून तारा तपासताना त्याच्या छातीत कळ आली. मला खाली आणायला दुसरा मेकॅनिक बोलवावा लागला, शरमेनेच मेलो असतो, असं तो अजून रंगवून सांगतो. हृदयातली एक वाहिनी बुजली होती. डॉक्टरांनी ती उघडली, आत जाळी बसवली आणि सांगितलं की आता अगदी ठणठणीत आहेत, फिरू दे, जिने चढू दे, काचेच्या कपाटात ठेवू नका. तिने मान डोलावली. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दवाखान्यातून घरी आणल्यानंतरच्या पहिल्या सकाळी पांघरुणाबाहेर त्याचं पाऊल दिसलं आणि बोट लागलं. पाऊल हललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं. त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली, धावत आलेली मुलगी आपल्या शहरात नोकरीवर परत गेली, गोळ्या कमी झाल्या, तो पुन्हा बाजारातून पिशव्या उचलून आणू लागला, सगळं जागच्या जागी बसलं, आणि बोट मात्र सुटलं नाही. अंगवळणी पडलं म्हणायचं. माणसाला काय, काहीही अंगवळणी पडतं.

टाक्यांच्या खोलीत शिरताना ती रबरी तळाच्या चपला घालते, कारण पावलांचा धक्का माशांना कळतो. आतली ओलसर ऊब, हवेच्या पंपांची एकसारखी बुडबुड, काचांवरून परतणारा पांढरा प्रकाश, हे सगळं इतक्या वर्षांचं ओळखीचं, आणि तिथे गेल्यावर तिचं मन एरवी निवायचं. त्या दिवशी आत उंदीरमामा आधीच उभे होते. हे तिचे नवे सहकारी. वयाने तिच्याएवढेच, पण उमेदीची सगळी वर्षं उंदरांच्या विभागात घालवलेली, आणि तो विभाग बंद झाल्यावर इकडे पाठवलेले. खरं नाव सगळे विसरले, उंदीरमामा राहिले, तोंडावरही मामाच. भला माणूस, फक्त मासा जिवंत आहे यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. उंदीर परवडला, म्हणायचे, हातात घेतला की ऊब लागते, राग आला तर चावतो, काहीतरी बोलणं होतं. हा तर थंडगार, मेला काय आणि जगला काय, चेहरा तोच. आता त्यांच्या हातात काचेची बशी होती, बशीत पाण्याचा थर आणि त्यात एक मासा, आणि मामांचाच चेहरा मेल्यासारखा झाला होता.

“मॅडम,” ते म्हणाले, “साध्या पाण्यातला गेला.”

साध्या पाण्यातले मासे मरून चालत नाहीत. ज्यांना काहीच केलेलं नाही तेही मरायला लागले, तर बाकीच्यांना औषधाने मारलं की आपल्या हलगर्जीपणाने, हे सांगणार कोण? एखादा गेला तर खपवून घेतात. दुसरा गेला की सगळी चाचणी रद्द. सगळ्या टाक्या रिकाम्या करा, नवे मासे आणा आणि तितकेच पुन्हा मारा. त्या टाकीतला एक आधीच गेला होता. तिने बशी हातात घेतली आणि दिव्याकडे धरली. मासा तळाला टेकून होता, पण कुशीवर पडलेला नव्हता. कल्ल्याची कड केसभर उघडत होती आणि मिटत होती. मामांचा चष्मा जवळचा वेगळा आणि लांबचा वेगळा, त्यांना ते दिसलं नसणार. तिने बशी पहिल्या टाकीत तिरपी केली. मासा पाण्यात घसरला, क्षणभर तळाशी तसाच बसला, मग आळस दिल्यासारखा वळला आणि इतरांत मिसळून गेला. आता त्यांतला मेलेला कोणता होता, हे ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं.

मामा खुर्चीवर बसले आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. तिने विचारलं की कांडी किती वेळा लावलीत. ते आधी म्हणाले की नियमाप्रमाणे, मग म्हणाले की थोडी जास्त, मग खरं बोलले. येता-जाता लावत होते. इतर टाक्यांत नाही, ह्याच टाकीत. बाकीचे मरणारच आहेत, पण हे गेले तर सगळं मुसळ केरात, म्हणून ह्यांचीच धास्ती. जरा एखादा तळाला गेला की त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

“आधी डोळ्यांनी बघायचं, मामा. कांडी सगळ्यात शेवटी,” ती म्हणाली. “आणि सारखी लावायची नाही. पहिल्यांदा लावलीत की तो दचकतो, पळतो. मग त्याला कळतं, ही येते, लागते, आणि पुढे काहीच होत नाही. मग तो हलायचं सोडून देतो. मेलेला नाही तो. कंटाळलाय.”

मामा हसले, मनापासून, सुटल्यासारखे, आणि ‘कंटाळलाय’ असं दोनदा स्वतःशी म्हणाले. ती हसली नाही. तिचा आवाज तिलाच बाहेरून आल्यासारखा वाटला, वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकावा तसा. सकाळपासून जी गाठ सुटत नव्हती ती आता आपोआप सुटली, आणि सुटल्यावर आत जे निघालं ते गाठीपेक्षा वाईट होतं. तो हलला नाही, कारण तो विटला होता. वर्षभर रोज कुणीतरी येऊन आपल्या जिवंतपणाची खात्री करून जातं, आणि पुढे काहीच होत नाही. कुणाला वीट येणार नाही? खरं म्हणजे संस्थेत पाहुणे आले, विद्यार्थी आले, की सगळ्यांना ती एक गोष्ट बजावून सांगायची, की मासा म्हणजे माणूस नव्हे. माशाने जे सांगितलं ते माणसाला लावताना मधल्या पायऱ्या विसरायच्या नाहीत, उडी मारायची नाही. हे तिने इतक्यांदा सांगितलं होतं की पंपांच्या आवाजासारखं ते तिला स्वतःला ऐकूही येईनासं झालं होतं. पण लोकांना सांगितलेलं शहाणपण घरच्या वेळी खुंटीलाच टांगलेलं असतं. तिने सरळ उडी मारली, आणि पलीकडे पोहोचलो अशी तिची खात्रीही झाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो ओट्याखाली आडवा होऊन गळका नळ बांधत होता. दिसत होते ते फक्त पाय. त्या पायांकडे बघवेना, म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बोलली. म्हणाली, मला हल्ली रात्री खोकल्याची ढास लागते, सकाळी लवकर उठायचं असतं, तुमची झोपमोड होते, तर मी आपली काही दिवस मुलीच्या खोलीत झोपते. ओट्याखाली पाना थांबला. “बरं,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, “तिथला पंखा कुरकुरतो. तेल घालून देतो.” आणि नळ झाल्यावर खरोखरच शिडी घेऊन गेला आणि तेल घालून आला. इतक्या पटकन कबूल झाला, हे तिला टोचलं. खोकला तिने निमित्त म्हणून काढला होता, पण त्याचा मात्र सुंठीवाचून खोकला गेला, असं तिच्या मनात आलं. उशी उचलताना तिला वाटलं की तो काहीतरी म्हणेल. त्याने तिच्यासाठी दार धरलं.

मुलीचा पलंग अरुंद. भिंतीवर चिकटपट्ट्यांचे डाग, चित्रं केव्हाच गेलेली. पंखा आता इतका निमूट फिरायचा की त्यापेक्षा कुरकुरला असता तर बरं, निदान कान कुठेतरी गुंतले असते. सकाळी जाग आली की तिचा हात पुढे जायचा आणि भिंतीला लागायचा. तिने स्वतःला ताकीद दिली होती, डोकवायचं नाही. नुसतं ऐकायचं. नळ सुटला, आहे. खाकरला, आहे. चमचा वाजला, आहे. एखाद्या दिवशी तिची निघायची वेळ व्हायची तरी तिकडून काहीच आवाज नसायचा. मग चपला हातात घेऊन ती त्या बंद दाराशी उभी राहायची, लाकडाला कान न लावता, म्हणजे लावल्यासारखाच, आणि तशीच जिना उतरून जायची. बसमध्ये तिचे तळहात थंड असायचे. दिवसभर फोन टेबलावर पालथा पडलेला असायचा आणि ती तो करायची नाही. फोन तरी काय, लांबून लावलेली कांडीच. मुलगी एकदा फोनवर म्हणाली, आई, तुझा आवाज असा का येतोय? बाबा बरे आहेत ना? आहेत, ती म्हणाली, आणि हे आपण कशावरून सांगतोय, असा प्रश्न तिच्या डोक्यात घण घातल्यासारखा वाजला. तोही गप्प झाला होता. स्वयंपाकघरातलं काहीबाही बोलणं थांबलं होतं. जेवताना आमटी वाढू का, एवढंच. हेही तिला पटण्यासारखंच वाटलं. वर्षाची झोप थकलेली आहे, माणूस विश्रांती घेतोय, त्याला आता काही करायचं नाही. आणि तरी, ताट उचलताना त्याच्या मनगटावरचा पांढरा केस दिसला की हात पुढे व्हायचा, आणि ती तो आवरायची.

तिच्या माहेरी माणसं एकमेकांना हात लावायची ती काहीतरी बघायला. कपाळावर हात आला तर ताप बघायला. केसांत आला तर उवा बघायला. वडील तिची बोटं धरायचे ती नखं वाढली का ते बघायला, आई मान मागे वळवायची ती कानामागचा मळ बघायला. काही सापडलं की इलाज व्हायचा, नाही सापडलं की हात परत जायचा. माया नव्हती असं कोण म्हणेल? उदंड होती, पण ती ताटात होती, वह्यांच्या कव्हरांत होती, थंडीत रात्री अंगावर ओढलेल्या दुसऱ्या पांघरुणात होती. हातात तेवढी नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं रस्त्याने चालत असताना त्याने उगाच तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तिने दचकून विचारलं होतं, काय झालं? काही लागलंय का मागे? काही नाही, तो म्हणाला आणि हसला. पुढेही कधी त्याचा हात खांद्यावर आला, कधी केसांवर, आणि दर वेळी तिच्या तोंडून निघून गेलं, काय हो? मग हळूहळू तो हात यायचा कमी झाला. भांडण नाही, अबोला नाही, इतकी वर्षं सुखाचा संसार झाला, मूल झालं, वाढलं. फक्त विनाकारण हात लावणं तेवढं त्या संसारातून कधी गळून पडलं, ते दोघांपैकी कुणाला सांगता आलं नसतं. आता मुलीच्या पलंगावर पडून हे आठवताना तिला स्वतःची फार कीव आली. ज्या हाताचं एवढं नाव, त्याला एकच काम येत होतं.

चाचणी संपली. साध्या पाण्यातला दुसरा मासा शेवटपर्यंत मेला नाही, त्यामुळे ती ग्राह्य धरली गेली आणि औषध किती वाईट तेही ठरलं. शेवटच्या दिवशी, नियमाप्रमाणे, उरलेले सगळे मासे गुंगीच्या औषधाच्या पाण्यात घालायचे असतात. झोपतात आणि मग उठत नाहीत. त्यांना त्रास होत नाही, निदान आपल्याला माहीत असलेला कुठला त्रास होत नाही. मामांनी जाळी हातात घेतली आणि पहिल्या टाकीपाशी थबकले.

“साध्या पाण्यातल्यांनासुद्धा?” ते म्हणाले. “त्यांना तर काहीच केलं नाही आपण.”

“त्यांनासुद्धा,” ती म्हणाली. एकदा चाचणीत आलेला मासा परत घेता येत नाही, मोजमापं असतात, तिने सगळं नीट समजावून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. मग जाळी पाण्यात सोडता सोडता ते खालच्या आवाजात बोलत राहिले, की उंदरांच्या वेळी ते शेवटी एकेकाला तळहातावर घेऊन थांबायचे. उपयोग काही नाही, लोक हसायचे, पण थांबायचे. माशाला तेवढंही करता येत नाही, माणसाच्या हाताची ऊबच त्याला भाजते, हेच वाईट वाटतं. ती टाकीच्या काचेवर हात टेकून उभी होती. मासे एकेक करून मंद होत गेले, कल्ले रेंगाळले. त्यांना काहीच केलं नाही, काहीच केलं नाही, असं तिच्या आत कुणीतरी घोकत होतं, आणि शेवटी शेवटी त्याचा दिलासा वाटेना. घरी तरी ती दुसरं काय करत होती? त्या माणसाला काहीही न करता ठेवलं होतं, आणि त्याला ती काळजी म्हणत होती. मामांना तिचे डोळे भरलेले दिसले असावेत. त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त काढलं आणि तोंड फिरवलं.

सुट्टीच्या दिवशी तिला जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरच्या डागांपर्यंत उतरलं होतं. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. चला, आहे, असं मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. मग पावलं ह्या खोलीच्या दाराशी आली. तिने डोळे मिटून घेतले. का, ते सांगता आलं नसतं. टेबलावर कपबशीचा आवाज झाला. पलंग पायाकडून खचला. आणि तिच्या घोट्यावर त्याचा हात येऊन बसला, सगळा हात, ग्रीस जाऊन वर्ष झालं तरी खरखर न गेलेला, कपाने गरम झालेला.

“जागी आहेस ते कळतंय मला,” तो म्हणाला. “कल्ले हलतायत.”

तिला हसू आलं, ते तिने आतल्या आत धरून ठेवलं. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी सायकलची उतरलेली साखळी खडखडत राहिली.

“त्या दिवशी मी मुद्दाम हललो नव्हतो,” तो म्हणाला. आवाज खिडकीकडे तोंड केल्यासारखा येत होता. “रोज तू बोट लावायचीस. मी त्याच्या आधीपासून जागा असायचो, वाट बघत. आणि हललो रे हललो, की तू हात काढून पळायचीस. तुझं काम झालेलं असायचं. म्हटलं, आज हलायचंच नाही. बघू तरी, किती वेळ ठेवते. तिसऱ्यांदा सगळा हात ठेवलास. इतकं बरं वाटलं. पण तो असा थरथरायला लागला तुझा हात, की मग माझ्याच्याने राहवेना. काहीतरी फालतू बोलून गेलो. आणि तू खोलीच बदललीस.”

तिच्या बंद पापण्यांच्या कडांतून पाणी कानाकडे गेलं. कंटाळलाय, असं ती किती ठामपणे म्हणाली होती. बोलायला हवं होतं. अहो, मला वाटलं तुम्ही वैतागलात, असं काहीतरी. किंवा उठून बसायला हवं होतं, चहा निवत होता. तो अजून तिथेच होता, बसलेला, काही विचारत नव्हता, आणि त्याचा हातही काही विचारत नव्हता. आता आपण पाय हलवला तर तो हात उचलला जाईल, की तसाच राहील? हे कळण्याचा एकच मार्ग होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ते तपासून बघायचं नव्हतं. ती हलली नाही.